जड इलेक्ट्रॉन आणि चुंबकीय कोंडी : कुलाब्यातील संशोधनाचा एक ऐतिहासिक मागोवा

मुंबईचा आधुनिक इतिहास प्रामुख्याने बंदर, बाजारपेठ आणि लालबाग-परळच्या गिरण्या यांच्या आधारे मांडला जातो. त्यात प्रयोगशाळेला क्वचितच स्थान मिळते. टाटा मूलभूत संशोधन संस्था १९४५ मध्ये बंगळूर येथे सुरू झाली, त्याच वर्षी मुंबईत पेडर रोडवर आली आणि १९६२ मध्ये तिच्या कुलाब्यातील वास्तूचे उद्घाटन झाले. तेथील चुंबकीय पदार्थांच्या अभ्यासाचा एक धागा येथे तपासला आहे.

काही धातूंतील इलेक्ट्रॉन अतिनीच तापमानात नेहमीच्या शेकडो पट जड असल्यासारखे वागतात. विशिष्ट उष्णतेच्या मोजमापातून हे कळते. १९७५ मध्ये सिरियम व ॲल्युमिनियमच्या संयुगात हे वर्तन ठळकपणे आढळले. अणूशी बांधलेले एफ-इलेक्ट्रॉन आणि मुक्त इलेक्ट्रॉन यांची सरमिसळ हे त्याचे कारण मानले गेले. अशाच सरमिसळीचा अभ्यास कुलाब्यात चालू होता. युरोपियम, पॅलेडियम व सिलिकॉन यांच्या संयुगात तापमानानुसार युरोपियमची संयुजा झपाट्याने बदलते, असे ई. व्ही. संपतकुमारन, एल. सी. गुप्ता, आर. विजयराघवन व सहकाऱ्यांनी १९८१ मध्ये दाखवले.

१९९७ मध्ये या स्पष्टीकरणाची मर्यादा उघड झाली. अमेरिकेतील डी. सी. जॉन्स्टन यांच्या गटाला लिथियम व्हॅनेडियम ऑक्साइडमध्ये जड इलेक्ट्रॉन आढळले. पुढे पवईच्या आयआयटीत प्राध्यापक म्हणून परिचित झालेले ए. व्ही. महाजन त्या शोधनिबंधाचे सहलेखक होते. या ऑक्साइडमध्ये चुंबकत्वास कारणीभूत असे एफ-इलेक्ट्रॉन नाहीतच. तरीही त्याच्या विशिष्ट उष्णतेचा इलेक्ट्रॉनी गुणांक १ केल्विनजवळ सुमारे ४२० मिलिजूल प्रति मोल प्रति केल्विन-वर्ग भरतो. तांब्याचा तो १ पेक्षाही कमी आहे. येथे व्हॅनेडियमचे अणू कोपरे जोडलेल्या चतुष्फलकांवर बसतात. शेजाऱ्यांचे चुंबकत्व परस्परविरुद्ध राहू पाहते. पण त्रिकोणातील तिघांना ते एकाच वेळी साधत नाही. हीच चुंबकीय कोंडी होय.

संपतकुमारन व ए. नियाझी यांनी २००२ मध्ये कॅल्शियम, कोबाल्ट व ऱ्होडियमच्या ऑक्साइडमधील अशाच कोंडीचा अभ्यास प्रसिद्ध केला. मात्र ते ऑक्साइड धातुरूप नाही.

सारांश, संयुजेची अस्थिरता व चुंबकीय कोंडी ही या प्रश्नाची दोन्ही अंगे कुलाब्यात स्वतंत्रपणे अभ्यासली गेली. व्हॅनेडियमच्या ऑक्साइडमधील जडपणा कोंडीतून येतो की अन्य कारणाने, यावर अद्याप एकमत नाही. म्हणूनच हा धागा मुंबईच्या इतिहासाचा अपूर्ण, परंतु दखलपात्र भाग ठरतो.