पत्र पोहोचले, अक्षरे हरवली : वसईच्या मोडी पत्रांपासून मेल-सर्व्हरच्या साच्यांपर्यंत (धागा)

मार्च १७३७ मध्ये मराठ्यांनी ठाणे घेतले आणि मे १७३९ मध्ये वसई शरण आली. भिवंडी तालुक्यातील अंजूर हे गाव इतिहासाच्या अभ्यासकांना परिचित आहे ते या मोहिमेमुळे. अंजूरकर नाईक घराण्यातील गंगाजी नाईक आणि त्यांचे बंधू यांनी पोर्तुगीजांविरुद्ध चिमाजी अप्पांना केलेले साहाय्य प्रसिद्ध आहे. दोन वर्षे चाललेल्या या झुंजीत साष्टी, वसई आणि पुणे यांच्या दरम्यान जासुदांच्या हाती पत्रे धावत होती. लिपी अर्थातच मोडी.

मोडीत आधी ओळभर शिरोरेषा ओढून घेत आणि तिच्याखाली अक्षरे सलग लिहीत जात. दोन शब्दांमध्ये जागा सोडण्याची रीत नव्हती. ऱ्हस्व-दीर्घाचा भेदही सहसा पाळला जात नसे. ‘अंजूर’ या नावातला उकार ऱ्हस्व की दीर्घ, हे कागद सांगत नाही. शब्द कोठे संपतो, उकार कोणता, हे वाचणाऱ्याने स्वतःच्या माहितीने भरून काढायचे. लिहिणारा आणि वाचणारा एकाच परंपरेत वाढलेले असल्याने दोघांनाही त्यात काही अडत नसे.

विसाव्या शतकात मोडी कचेरीतून गेली, पुढे शाळेतूनही गेली. कागद जसेच्या तसे राहिले. वाचणारे डोळे मात्र विरळ झाले. गो. स. सरदेसाई यांच्या संपादनाखाली पेशवे दप्तरातील निवडक कागद बाळबोधीत उतरवून ४५ भागांत छापले गेले. त्यांत वसईच्या मोहिमेचे कागदही आहेत. या कामात दोन पथ्ये पाळली गेली आणि पुढील कथेसाठी ती महत्त्वाची आहेत. उतरवून घेणाऱ्यास मूळ लिपी येत होती. आणि उतरवून झाल्यावर मूळ कागद कोणी जाळले नाहीत. ते पुण्याच्या पुराभिलेखागारात आहेत. छापील पाठाविषयी शंका आली तर आजही मूळ पत्र काढून पाहता येते.

मराठी ई-पत्रांच्या वाट्याला ही दोन्ही पथ्ये फार क्वचित आली.

भारतातील ई-पत्रव्यवहाराचा आरंभ मुंबईत झाला, असे म्हणण्यास हरकत नाही. १९८६-८७ च्या सुमारास ‘एर्नेट’ प्रकल्पांतर्गत जुहूची ‘एनसीएसटी’ ही संगणक-संशोधन संस्था आणि पवईची आयआयटी यांच्यात टेलिफोनच्या तारेवरून मेल जाऊ लागली. एनसीएसटीचे प्रमुख होते श्रीनिवासन रमणी. सामान्य नागरिकास इंटरनेट मिळाले १५ ऑगस्ट १९९५ रोजी, ‘व्हीएसएनएल’कडून. त्यातील स्वस्त खाती केवळ अक्षरी होती. काळ्या पडद्यावर रोमन अक्षरे उमटत, चित्र नाही, मराठी तर नाहीच.

मराठी का नाही, याचे उत्तर १९८२ सालात आहे. त्या वर्षी जॉन पोस्टेल यांनी मेल वाहून नेण्याचा जो नियम लिहिला, त्यात प्रत्येक अक्षरासाठी सात बिट धरले होते. सात बिट म्हणजे १२८ चिन्हे. इंग्रजी लिपी, अंक, विरामचिन्हे आणि काही यंत्राज्ञा एवढ्यातच ती संपतात. भारतीय लिप्यांसाठी ‘इस्की’ ही प्रमाण संकेतप्रणाली तयार झाली (१९९१ चे भारतीय मानक) आणि पुण्याच्या ‘सी-डॅक’ने जिस्ट तंत्रज्ञानाच्या रूपाने ती कार्यालयांपर्यंत नेली, पण इस्कीतील देवनागरी आठव्या बिटावर उभी होती. वाटेतील एखाद्या जुन्या सर्व्हरने तो आठवा बिट गाळला की, पलीकडे रोमन अक्षरांचा अर्थहीन चुरा पोहोचे. रशियन लोकांनी या संकटाचा आधीच विचार केला होता. त्यांच्या ‘कोई-८’ प्रणालीत अक्षरे अशा जागी बसवली होती की आठवा बिट गळाला तरी तोच मजकूर रोमन लिप्यंतरात वाचता यावा. इस्कीत तशी तजवीज नव्हती.

मराठी माणसाने मग आडवाट शोधली. रोमन अक्षरांच्याच जागी देवनागरी आकार रेखाटलेले फॉन्ट आले. यंत्राच्या लेखी मजकूर इंग्रजीच. पडद्यावर मात्र मराठी. हा मजकूर तारेवरून पुष्कळदा सुखरूप जाई. अट एकच: पलीकडे तोच फॉन्ट हवा. फॉन्ट नसला किंवा दुसऱ्या कंपनीचा असला की पत्राचे कोडे होई. त्या काळातील कित्येक मराठी दस्तऐवज आजही अशा फॉन्टांच्या कुलपात आहेत आणि किल्ली कोणत्या संगणकात होती हे कोणाला आठवत नाही.

१९९२ मध्ये दोन गोष्टी घडल्या. नाथानियल बोरेनस्टीन आणि नेड फ्रीड यांनी ‘माइम’ हे मानक दिले. मजकूर कोणत्या प्रणालीत आहे याची चिठ्ठी मेलच्या माथ्यावर चिकटवायची आणि सात बिटांच्या वाटेने जाण्यासाठी त्याची सुरक्षित बांधणी करायची, ही त्यातील कल्पना. त्याच वर्षी सप्टेंबरात केन थॉम्पसन आणि रॉब पाइक यांनी न्यू जर्सीतील एका उपाहारगृहात ‘यूटीएफ-८’ची रचना केली. तिच्यात देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला तीन बाइट लागतात. ‘अंजूर’ या नावात पाच चिन्हे आहेत: अ, अनुस्वार, ज, दीर्घ ऊकार, र. म्हणजे पंधरा बाइट.

आता माथ्यावरची चिठ्ठी हरवली, किंवा सर्व्हर बदलताना चुकीची लागली, तर काय होते ते पाहण्याजोगे आहे. मेल वाचणारा प्रोग्रॅम, ज्याला ‘मेल क्लायंट’ म्हणतात, तो मजकूर पश्चिम युरोपीय समजून प्रत्येक बाइटाचे एक अक्षर दाखवतो. ‘अंजूर’ची पंधरा चिन्हे होतात. त्यांत डोक्यावर तिरपी रेघ असलेला रोमन ‘ए’ पाच वेळा येतो. चार वेळा काटे फुटलेले छोटे वर्तुळ येते आणि एकदा, दीर्घ ऊकाराच्या जागी, जपानी येनचे चिन्ह. ‘ठाणे’ लिहिले असेल तर त्यातल्या कान्यातून ‘पाऊण’चा अपूर्णांक निघतो. ‘भिवंडी’तील पहिली वेलांटी उलटे प्रश्नचिन्ह होते. हा गोंधळ पाहून घाबरणारेच अधिक; वस्तुतः तो शुभलक्षण आहे. सगळे बाइट जागेवर आहेत आणि क्लायंटच्या ‘टेक्स्ट एन्कोडिंग’ या पर्यायात यूटीएफ-८ निवडताच नाव बहुधा पूर्ववत दिसते.

अशुभ लक्षण वेगळे आहे. पडद्यावर नुसती सरळ प्रश्नचिन्हे दिसत असतील, ‘अंजूर’साठी पाच, तर एखाद्या प्रोग्रॅमने न समजलेली अक्षरे टाकून देऊन त्या जागी खरोखरच प्रश्नचिन्हे लिहून ठेवलेली असण्याची दाट शक्यता आहे. तसे झाले असेल तर एन्कोडिंग कितीही बदलले तरी काही परत येत नाही.

या दोहोंच्या मध्ये एक फसवी अवस्था आहे. गोंधळलेला मजकूर कोणी ‘जसा दिसतो तसा’ कॉपी करून पुन्हा साठवला की ही अवस्था येते. विंडोजच्या पश्चिम युरोपीय तक्त्यात पाच जागा रिकाम्या आहेत. मराठीतले ‘झ’, ‘ए’, हलन्त आणि ऱ्हस्व उकार यांचा शेवटचा बाइट नेमका या रिकाम्या जागांवर पडतो. काही प्रोग्रॅम असे बाइट गाळतात. मग मजकूर परत फिरवला तरी जोडाक्षरे तुटलेली आणि ऱ्हस्व उकार नाहीसे झालेले मिळतात. दीर्घ ऊकाराचा बाइट शेजारच्या भरलेल्या जागेवर पडतो, म्हणून तो वाचतो. याचा अर्थ ‘अंजूर’ टिकेल, पण कोणी ‘अंजुर’ लिहिले असेल तर त्याला मध्येच खिंडार पडेल. मोडीने ज्या भेदाकडे लक्ष दिले नाही, त्यावर इथे शब्दाचे जगणे-मरणे ठरते.

इथवर लिपीचे झाले. सर्व्हर पत्रे ठेवतो कशी, हा दुसरा प्रश्न, आणि घरोघरचे मेल क्लायंट बिघडवण्याचे श्रेय त्याच्याकडेही बरेच जाते.

युनिक्स यंत्रांवर जुनी पद्धत ‘एमबॉक्स’ची. सगळी पत्रे एकाच लांबलचक फाइलीत, एकाखाली एक. नवे पत्र सुरू झाल्याची खूण म्हणजे ओळीच्या आरंभी ‘फ्रॉम’ हा इंग्रजी शब्द आणि पुढे एक रिकामी जागा. शिरोरेषेखाली सलग लिहिलेल्या मोडीसारखेच हे: सीमा कोठे, ते वाचणाऱ्याने ओळखायचे. पत्राच्या मजकुरातच एखादी ओळ ‘फ्रॉम’ने सुरू झाली तर? सर्व्हर तिच्या आधी एक कोनचिन्ह घालून ठेवी. एखाद्याने घातले नाही, तर पुढे फाइल फोडताना एका पत्राची दोन होत आणि दुसऱ्या तुकड्याला ना प्रेषक ना तारीख.

एकाच फाइलीत दोन प्रोग्रॅम एकदम लिहू लागले की फाइल बिघडे, म्हणून ‘लॉक’ लावावे लागे. आणि नेटवर्कवरच्या डिस्कवर लॉक भरवशाचे नसत. १९९० च्या दशकात गणितज्ञ डॅनियल बर्नस्टीन यांनी आपल्या ‘क्यूमेल’ या सर्व्हरसाठी ‘मेलडिर’ हा साचा आणला. प्रत्येक पत्राची स्वतंत्र फाइल, प्रत्येकीला न दुहेरणारे नाव. उपाय देखणा होता आणि पुढील काही वर्षांत असंख्य संस्थांनी एका रात्रीत सर्व्हर बदलले. सकाळी वापरकर्त्यांना मेल उघडेना.

या तक्रारी जगभर जवळपास सारख्याच होत्या. पहिली: चार वर्षांची सगळी पत्रे ‘नवी’ म्हणून पुन्हा उतरू लागली. ‘पॉप’ पद्धतीत क्लायंट प्रत्येक पत्राचे ओळखचिन्ह टिपून ठेवतो. साचा बदलला की ही चिन्हे बदलतात आणि क्लायंटला सगळीच पत्रे अनोळखी वाटतात. यावर खरा उपाय सर्व्हरच्या बाजूला. फिनलंडच्या टिमो सिराइनेन यांच्या ‘डवकॉट’मध्ये (२००२) जुन्या सर्व्हरसारखीच ओळखचिन्हे देण्याची सोय आहे, ती याचसाठी. ‘आयमॅप’ पद्धतीत प्रत्येक फोल्डरला एक वैधता-क्रमांक असतो. तो बदलला की क्लायंटने आपली जुनी प्रत टाकून सर्व पत्रे नव्याने घ्यावीत, असा नियमच आहे. वाट पाहणे एवढेच तिथे शहाणपण.

दुसरी तक्रार अधिक घबराट उडवणारी: इनबॉक्स दिसतो, पण बाकीचे सगळे फोल्डर गायब. जुन्या सर्व्हरवर फोल्डर ‘मेल’ नावाच्या खणात आणि तिरक्या रेघेने विभागलेले असत. ‘कुरियर’सारख्या नव्या सर्व्हरवर ते ‘इनबॉक्स’च्या पोटात आणि टिंबाने विभागलेले. क्लायंटच्या सेटिंगमध्ये जुना मार्ग तसाच राहिला की तो रिकाम्या खणात हात घालून काहीच नाही असे सांगतो. मार्गाची ती पेटी मोकळी करायची किंवा तिथे ‘इनबॉक्स’ आणि टिंब लिहायचे, मग फोल्डरांची यादी पुन्हा मागवून हवे ते निवडायचे. पाठवलेली पत्रे दोन फोल्डरांत विभागलेली दिसली तर कारण साधे असते: ‘पाइन’ हा जुना क्लायंट त्या फोल्डरला एक नाव देई, आउटलुक दुसरे.

टिंबाची खोड इतिहासाच्या अभ्यासकाला हमखास भोवणारी. कोणी ‘इ.स.१७३९’ नावाचा फोल्डर केला असेल, तर टिंबाने विभागणाऱ्या सर्व्हरवर तो ‘इ’ होतो, त्याच्या पोटात ‘स’ आणि त्याच्या पोटात ‘१७३९’. पत्रे सर्वांत आतल्या फोल्डरात असतात.

वाचलेले-न वाचलेले याची नोंदही हलली. एमबॉक्समध्ये ती पत्राच्या माथ्यावर असे, मेलडिरमध्ये फाइलीच्या नावाच्या शेपटीला असते. रूपांतर करणाऱ्या प्रोग्रॅमने ती नेली नाही तर सगळी पत्रे ठळक अक्षरांत उभी राहतात, आणि पुसण्यासाठी खूण केलेली पत्रेही परत येतात.

क्लायंटांचे स्वभावही वेगळे होते. स्टीव्ह डॉर्नर यांनी १९८८ मध्ये लिहिलेला ‘युडोरा’ लोकांचा विलक्षण लाडका, पण त्याच्या मूळ आवृत्तीला युनिकोड कधीच नीट पेलले नाही; मराठी पत्रासाठी तो कायमचा परका राहिला. विंडोज २००० पासून देवनागरी युनिकोड सर्वसामान्य संगणकावर आली, ती ‘मंगल’ या फॉन्टसह. त्याचे रचनाकार सुलेखनकार प्रा. र. कृ. जोशी. २००४ मध्ये ‘थंडरबर्ड’ची पहिली आवृत्ती आली. गंमत अशी की सर्व्हर मेलडिरकडे गेले, तरी थंडरबर्ड आपल्या संगणकावर पत्रे ठेवतो ती मुळात एमबॉक्समध्येच. त्यातील पत्रांची यादी बिघडली तर ‘रिपेअर फोल्डर’ने ती मूळ फाइलीवरून नव्याने बांधता येते, फाइलीतला मजकूर त्याने बदलत नाही.

या सगळ्यात सर्वाधिक नुकसान झाले ते घाईने ‘खाते काढून पुन्हा टाकण्या’मुळे. पॉप खात्यात पत्रे अनेकदा केवळ त्याच संगणकावर उरलेली असतात. खाते काढले की तीही जाऊ शकतात. म्हणून क्लायंट बंद करून त्याच्या संपूर्ण फोल्डरची प्रत दुसऱ्या डिस्कवर घ्यायची, आणि मगच सेटिंगला हात लावायचा. सर्व्हर सांभाळणाऱ्यानेही जुनी एमबॉक्स फाइल लगेच पुसायची नसते. रूपांतरानंतर पत्रांची संख्या जुळली पाहिजे. ती वाढलेली निघाली, तर कोठेतरी ‘फ्रॉम’ने सुरू होणाऱ्या एखाद्या ओळीने पत्राचे दोन तुकडे केलेले असण्याचा संभव मोठा, आणि ते पुन्हा जोडायला जुनी फाइलच लागते.