घरची वीज आणि गांवची वीज



वसई तालुक्यांतील कामण हें गांव तुंगारेश्वराच्या डोंगररांगेच्या आश्रयास वसलेलें आहे. चिंचोटीहून भिवंडीकडे जाणाऱ्या रस्त्यावर आतां कारखाने व गोदामें दाटीनें उभीं राहिलीं आहेत. परंतु विजेच्या तारा अद्याप झाडांच्या फांद्यांशीं झगडतच गांवांत येतात. पावसाळ्याचा पहिला वारा सुटला कीं दिवे जातात, आणि दिवे गेले कीं घरोघर एक प्रश्न निघतो : २०,००० ते २५,००० रुपये खर्चून इन्व्हर्टर घ्यावा काय? प्रश्न वरवर घरगुती दिसतो. तथापि त्याचें नीट उत्तर द्यावयाचें तर विजेच्या इतिहासांत थोडें मागें जावें लागतें.

आरंभीं वीज ही ज्याची त्याचीच असे. मुंबईचें ताजमहाल हॉटेल १९०३ सालीं उघडलें, तेव्हां त्याच्या दिव्यांसाठीं वीज निर्माण करणारीं यंत्रें हॉटेलचीं स्वतःचीं होतीं. गिरण्यांची शक्ति विजेची नसून वाफेची होती. पण रीत तीच. प्रत्येक गिरणीचा बॉयलर निराळा, इंजिन निराळें आणि कोळशाचा ढीगही निराळा. १९०५ मध्यें बेस्ट कंपनीची स्थापना झाली. पुढें टाटांच्या जलविद्युत् कंपनीनें लोणावळ्याच्या परिसरांत धरणें बांधून तें पाणी घाटाखालीं खोपोलीस आणलें, आणि १९१५ च्या फेब्रुवारींत तेथील वीज मुंबईच्या गिरण्यांस मिळूं लागली. घरचें इंजिन मोडीत काढून चाळीस-पंचेचाळीस मैलांवरून येणाऱ्या तारेवर भिस्त ठेवावी काय, अशी शंका त्या वेळीं कोणासही येणें स्वाभाविक होतें. तरीही सामाईक विजेचा विजय झाला. कारण सर्वांना एकाच क्षणीं सारखी वीज लागत नाहीं. शंभर घरांनीं शंभर यंत्रें ठेवण्यापेक्षां सर्वांनीं मिळून एक मोठें यंत्र ठेवलें तर तें स्वस्त पडतें आणि रिकामेंही बसत नाहीं.

शंभर वर्षें होण्यापूर्वींच हें चक्र उलटें फिरूं लागलें. २००५ च्या जूनमध्यें राज्य वीज मंडळाचें विभाजन होऊन वितरणाचें काम महावितरणकडे आलें. तो काळ मोठ्या टंचाईचा होता. ग्रामीण भागांत भारनियमन दहा-बारा तासांपर्यंत जाई. ज्या जिल्ह्यांत आज कामण आहे, त्याच जिल्ह्यांतील तारापूर येथें देशांतील पहिलें अणुवीज केंद्र १९६९ सालीं सुरू झालें होतें. पण शेजारीं वीज निर्माण होते म्हणून शेजाऱ्याच्या घरीं उजेड पडतो, असा नियम नाहीं. वीज आधीं राज्याच्या जाळ्यांत जाते व तेथून वांटली जाते. याच सुमारास इन्व्हर्टर मध्यमवर्गीय घरांत शिरला, आणि त्या काळापुरता तो योग्यच होता.

परंतु त्याच टंचाईंत पुण्यानें २००६ मध्यें निराळा मार्ग दाखविला. तेथील कारखान्यांनीं आपलीं डिझेलचीं जनित्रें टंचाईच्या वेळीं चालवून तितकी वीज शहरास मोकळी करून दिली. त्याचा जादा खर्च ग्राहकांच्या बिलांत आकार लावून भागविण्यांत आला, आणि थोडी वीज वापरणाऱ्या घरांस तो माफ करण्यांत आला. खाजगी यंत्रें तींच होतीं. फक्त तीं सर्वांच्या उपयोगास लावण्यांत आलीं.

आतां आपल्या घरच्या यंत्राचा हिशेब मांडूं. १२ व्होल्टची, १५० अँपिअर-तासांची बॅटरी म्हणजे कागदावर १,८०० वॅट-तास. घट वजा जातां हातीं सुमारें १,२०० उरतात असें धरा. जुन्या पद्धतीचे दोन पंखे १५० वॅट, चार एलईडी दिवे ४० वॅट, इंटरनेटची पेटी १० वॅट. एकूण २०० वॅट. म्हणजे सहा तासांची सोय झाली. तेच पंखे नव्या धर्तीचे, प्रत्येकीं ३० वॅटचे असतील, तर जवळजवळ अकरा तास निघतात. पंखे बदलणें हें आणखी पाऊण बॅटरी विकत घेण्यासारखेंच आहे, हें दुकानदार सहसा सांगत नाहीं.

खर्चाचें गणितही असेंच सोपें आहे. पांच वर्षांस २५,००० रुपये धरा. महिन्यास पांच तास दिवे जात असतील तर पांच वर्षांत ३०० तास होतात, आणि अंधाराचा प्रत्येक तास टाळण्यास ८३ रुपये पडतात. रोज दोन तास जात असतील तर हाच दर सात रुपयांवर येतो. तेव्हां दुकानांत जाण्यापूर्वीं दोन महिने दिनदर्शिकेवर दिवे गेल्याचे तास टिपून ठेवावेत. पुष्कळांचा निर्णय तेथेंच होईल.

मात्र एक गोष्ट या गणितांत येत नाहीं. १२ ऑक्टोबर २०२० रोजीं कळवा-पडघा येथील वाहिन्यांच्या बिघाडामुळें मुंबई व ठाणें कांहीं तास बंद पडलें. अशा वेळीं इन्व्हर्टर उपयोगी पडतो. परंतु मे २०२१ मध्यें तौक्ते वादळ येऊन गेलें, तेव्हां वसई-विरारच्या अनेक भागांत दिवसचे दिवस वीज नव्हती. तेथें बॅटरी फार तर एक रात्र पुरते. कारण इन्व्हर्टर हा हंडा आहे, विहीर नव्हे. तो ज्या नळावर भरावयाचा तोच नळ आटला कीं त्याचा उपाय खुंटतो. शिवाय उंच इमारतींतील पाण्याचा पंप आणि लिफ्ट यांस घरची बॅटरी हातही लावूं शकत नाहीं.

म्हणून माझें मत असें आहे. ज्या घरीं प्राणवायूच्या यंत्रावर रुग्ण आहे, तेथें किंमतीचा विचारच करूं नये. मात्र यंत्राचे वॅट मोजून बॅटरी घ्यावी आणि भरलेलें सिलिंडरही जवळ ठेवावें. ज्यांची उपजीविका घरीं बसून संगणकावर चालते, त्यांनींही ती घ्यावी. इतरांस चार्जिंगचे दोन दिवे व एक लहान पंखा पुरेसा आहे. इमारतींतील रहिवाशांनीं मात्र घरोघर बॅटऱ्या मांडण्यापूर्वीं पंपासाठीं व लिफ्टसाठीं एक सामाईक जनित्र घेण्याचा विचार अवश्य करावा.

आणि ज्यांनीं इन्व्हर्टर घेतला आहे त्यांना एक विनंति. आपल्या घरीं पंखा फिरूं लागला कीं तक्रार नोंदविण्याचा आपणांस कंटाळा येतो, आणि पलीकडच्या चाळींतील विद्यार्थी अंधारांतच बसतो. ठराविक मुदतींत पुरवठा पूर्ववत् न झाल्यास ग्राहकास भरपाई देण्याची तरतूद राज्य वीज नियामक आयोगाच्या नियमांत आहे. तिच्यासाठीं तक्रारीची नोंद उपयोगी पडते. घरचा दिवा लागला तरी तक्रारीचा क्रमांक फिरवावा. कारण तुटलेली तार सर्वांची आहे, आणि ती जोडली गेल्याखेरीज आपला हंडाही पुन्हां भरावयाचा नाहीं.