तागाची फाळणी

शेजारी राष्ट्रांनी आपापसांतील जकातीचे अडसर दूर करावेत, मालाला व पैशाला मोकळी वाट द्यावी, म्हणजे उभयतांची भरभराट होईल, हा विचार आता सर्वपरिचित झाला आहे. युरोपातील सहा राष्ट्रांनी १९५७ साली रोम येथे केलेल्या कराराचा दाखला अशा वेळी हटकून दिला जातो, आणि आपल्या उपखंडाला असे ऐक्य साधत नाही म्हणून खेदही व्यक्त होतो. पण असा खेद करताना एक गोष्ट आपण विसरतो. हे ऐक्य आपणांस नव्याने मिळवावयाचे नव्हते. ते आपल्यापाशी होतेच. एवढेच नव्हे, तर फाळणी झाल्यावरही साडेसहा महिने ते टिकून होते. ते कसे गेले, हे सांगावयास तागासारखा दुसरा साक्षीदार नाही.

मैमनसिंग, ढाका, फरीदपूर या जिल्ह्यांच्या पाणथळ भूमीत ताग पिकावा, शेतकऱ्याने तो कुजवून त्याचा धागा सोलावा, नारायणगंजला त्याच्या गासड्या बांधल्या जाव्यात आणि नदीच्या किंवा रेल्वेच्या वाटेने त्या हुगळीकाठच्या गिरण्यांत पोचाव्यात, असा क्रम पाऊणशे वर्षांहून अधिक काळ चालत आला होता. कलकत्त्याजवळ रिश्रा येथे १८५५ साली पहिली गिरणी निघाली. १९४७ पर्यंत त्यांची संख्या शंभरावर गेली. त्या वर्षीच्या ऑगस्टमध्ये रॅडक्लिफसाहेबांची रेषा जाहीर झाली तेव्हा सर्वच्या सर्व गिरण्या हिंदुस्थानात राहिल्या, तर तागाचे सुमारे तीन-चतुर्थांश पीक पूर्व बंगालात, म्हणजे पाकिस्तानात गेले. पश्चिमेकडे कापसाचीही तीच गत झाली. सिंध आणि पश्चिम पंजाब येथील लांब धाग्याचा कापूस ज्या मुंबईच्या व अहमदाबादच्या गिरण्यांत येत असे, त्या गिरण्या रेषेच्या अलीकडे राहिल्या.

तथापि रेषा आखली गेली म्हणून व्यापार थांबला नाही. उभय सरकारांनी 'जैसे थे' करार करून २९ फेब्रुवारी १९४८ पर्यंत एकमेकांच्या मालावर जकात बसवावयाची नाही असे ठरविले होते. चलन एकच होते. रिझर्व्ह बँक जून १९४८ अखेरपर्यंत दोन्ही राष्ट्रांची मध्यवर्ती बँक म्हणून काम पाहत होती. दोन राष्ट्रे, एक बाजार, एक रुपया, अशी ती स्थिती होती.

ती मोडली ती एका हिशेबावरून. परदेशी जाणाऱ्या तागावर व तागाच्या मालावर निर्यात-जकात असे आणि ती प्रामुख्याने कलकत्ता बंदरात वसूल होई. १९३६ च्या नीमायर निवाड्यानुसार तिच्या निव्वळ उत्पन्नापैकी साडेबासष्ट टक्के रक्कम ताग पिकविणाऱ्या प्रांतांना मिळत असे. फाळणीनंतर पीक एका राष्ट्रात आणि बंदर दुसऱ्या राष्ट्रात, अशी अवस्था झाली. पिकविणाऱ्याने आपला वाटा मागितला. वसूल करणाऱ्याने तो देण्यास नकार दिला. तेव्हा १९४७ च्या अखेरीस पाकिस्तानने हिंदुस्थानात येणाऱ्या कच्च्या तागावर स्वतःची निर्यात-जकात बसविली. पुढे १ मार्च १९४८ पासून उभय देश जकातीपुरते एकमेकांस परके झाले. ह्यासाठी एकही गोळी झाडावी लागली नाही. हे सारे अधिसूचनांनी आणि परिपत्रकांनी पार पडले. दफ्तरात आयुष्य घालविणाऱ्या आपल्यासारख्यांनी ही गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे.

दुसरा घाव सप्टेंबर १९४९ मध्ये बसला. पौंडाचे अवमूल्यन झाले, त्याबरोबर हिंदुस्थानने रुपयाचे केले. पाकिस्तानने मात्र आपल्या रुपयाचे केले नाही. काल शंभराला शंभर असलेला भाव एका रात्रीत शंभराला एकशे चव्वेचाळीस झाला. दोघांचेही निर्णय आपापल्या वहीप्रमाणे बरोबर होते. हिंदुस्थानला आपली निर्यात स्वस्त ठेवावयाची होती. पाकिस्तानला यंत्रसामग्री स्वस्तात आणावयाची होती, आणि आपल्या तागाला पर्याय नाही असा त्याचा विश्वास होता. हिंदुस्थानने नवा दर मान्य केला नाही. गासड्या पलीकडे अडकल्या, डिसेंबरात इकडून जाणारा कोळसा बंद झाला. हुगळीकाठी कामाचे तास कमी झाले आणि पलीकडचा शेतकरी गिऱ्हाईकाची वाट पाहत बसला. फेब्रुवारी १९५१ मध्ये नवा करार होऊन तो दर मान्य झाला खरा, पण तोवर दोघांनीही आपापली सोय पाहण्यास आरंभ केला होता. हिंदुस्थानात बंगाल, बिहार, आसाम व ओरिसा येथे तागाखालील जमीन वाढविण्यात आली. १९४७-४८ चे सुमारे सतरा लाख गासड्यांचे पीक तीन वर्षांत जवळजवळ दुप्पट झाले. अन्नाचा तुटवडा असलेल्या देशात भाताची काही जमीन पोत्यासाठी गेली. पलीकडे नारायणगंजला १९५१ साली आदमजींची प्रचंड गिरणी सुरू झाली. एकाने गिरणी असून शेत निर्माण केले, दुसऱ्याने शेत असून गिरणी. ह्याला स्वावलंबन म्हणावयाचे असेल तर म्हणावे. पण त्याची किंमत दोन्हीकडच्या गरिबांनी दिली.

जर्मन संस्थानांचा जकात-संघ १ जानेवारी १८३४ रोजी अस्तित्वात आला, तेव्हा तेथील राजांमध्ये बंधुभाव उचंबळत होता असे नाही. परंतु जकातीचे उत्पन्न एकत्र करून ते लोकसंख्येच्या प्रमाणात वाटावयाचे, हा नियम त्यांनी आधी ठरविला. १८६६ मध्ये बव्हेरिया व सॅक्सनी प्रशियाविरुद्ध युद्धात उतरले, तरी पुढच्याच वर्षी नव्या कराराने तो संघ चालू राहिला. आपल्याकडे भाषा एक, नदी एक, रुपया एक, सारे एक होते. फक्त वाटणीचा नियम नव्हता.

पुढचा इतिहास थोडक्यात सांगता येईल. १९६५ च्या युद्धाने उरलासुरला व्यापार बंद पडला. १९७१ मध्ये बांगलादेश झाला. सार्क राष्ट्रांचा मुक्त व्यापार करार २००४ साली होऊन २००६ पासून अंमलात आला आणि २०११ मध्ये बांगलादेशच्या जवळजवळ सर्व मालाला आपण जकात माफ केली. आदमजींची गिरणी मात्र २००२ मध्येच बंद पडली होती. जानेवारी २०१७ मध्ये तेथील तागाच्या मालावर आपण पुन्हा कर बसविला. आणि २७ जून २०२५ च्या अधिसूचनेने बांगलादेशचा ताग, त्याचे सूत व कापड यांना खुष्कीची वाट बंद करून केवळ न्हावाशेवा बंदरातून येण्याची मुभा ठेवली. बेनापोलची हद्द कलकत्त्याहून जेमतेम ऐंशी किलोमीटर आहे. तेथील गासडीने हुगळीकाठी पोचण्यासाठी सारा दक्षिण हिंदुस्थान वळसा घालून आधी आपल्या कोकण किनाऱ्याला लागावे, असा ह्याचा अर्थ झाला.

ह्या अधिसूचनेलाही तत्कालीन कारणे असतील. १९४८ च्या अधिसूचनेलाही होती. परंतु शेजाऱ्यांचा मुक्त व्यापार सद्भावनेच्या ठरावांनी उभा राहत नाही. मिळकतीत कोणाचा वाटा किती, आणि भांडण झाले तर तो वाटा कोणी ठरवावयाचा, हे ज्या कागदावर लिहिलेले असते त्या कागदावर तो उभा राहतो. तो कागद १९४७ च्या त्या साडेसहा महिन्यांत लिहावयाचा राहून गेला.