कनेक्टिकट नदीवरील छपराचा पूल

पुलास छप्पर कशासाठी, असा प्रश्न आपल्याकडील वाचकास पडणे स्वाभाविक आहे. नदी ओलांडण्यास लागणार ती चार-दोन मिनिटे. तेवढ्यासाठी भिंती आणि आढे उभारण्याचा खटाटोप कोण करील? अमेरिकेच्या ईशान्य भागात मात्र एकोणिसाव्या शतकात असे शेकडो पूल खेडोपाडी उभे राहिले. न्यू हॅम्पशायरमधील कॉर्निश आणि व्हरमाँटमधील विंडसर या गावांना जोडणारा, १८६६ साली बांधलेला पूल हा त्यांपैकी एक होय.

छप्पर वाटसरूंसाठी नव्हतेच. ते होते लाकडासाठी. पुलाचा सारा भार बाजूच्या तुळयांच्या सांगाड्यावर असतो, आणि सांध्यांत पाणी मुरले की कुजण्यास तेथूनच प्रारंभ होतो. उघडा लाकडी पूल दहा-वीस वर्षांत जीर्ण होई. झाकलेला शंभर वर्षे टिके. फिलाडेल्फियातील टिमोथी पामर याच्या पुलावर १८०५ साली छप्पर चढले, ते रिचर्ड पीटर्स या न्यायाधीशाच्या आग्रहामुळे. पुढे तीच रूढी झाली. गंमत अशी, की हिवाळ्यात बाहेरील रस्ते बर्फाने झाकले जात आणि पुलाची फळी तेवढी कोरडी राही. मग घसरगाड्या चालाव्यात म्हणून माणसे लावून आत मुद्दाम बर्फ पसरावा लागे!

कॉर्निश-विंडसर येथील हा चौथा पूल. १७९६, १८२४ आणि १८२८ या सालचे आधीचे तिन्ही पूल महापुरांनी नेले. जेम्स टास्कर आणि बेला फ्लेचर या कारागिरांनी नवा पूल सुमारे नऊ हजार डॉलरांत उभा केला. सांगाडा प्रथम जवळच्या कुरणात मांडून जुळवला आणि मग नदीवर चढविला. इथिएल टाऊन याने १८२० साली पेटंट घेतलेली तिरप्या लाकडांची जाळी हा त्याचा आधार. मात्र टाऊनच्या जाळीत फळ्या असतात, येथे जाड चौकोनी तुळया खाचा पाडून एकमेकींत बसविल्या आहेत. मध्ये एकच दगडी खांब, दोन्ही गाळे दोनशे फुटांहून अधिक रुंद, एकूण लांबी सुमारे साडेचारशे फूट.

पूल खाजगी कंपनीचा असल्याने पायी जाणाऱ्यास दोन सेंट, तर चार घोड्यांच्या गाडीस वीस सेंट पथकर पडे. मेंढरे व गुरे यांची ये-जाही मोठी होती. प्रवेशद्वारावरील पाटी अशी, की घोडी चालीने न्यावी, अन्यथा दोन डॉलर दंड. हा केवळ शिस्तीचा बडगा नव्हे. अनेक घोड्यांच्या टापा एका तालात पडल्या, म्हणजे लाकडी सांगाड्यास जे हादरे बसतात, त्यांचे भय बांधणाऱ्यांना होते.

पूल दोन राज्यांच्या मध्ये आहे खरा, पण जवळजवळ सगळा न्यू हॅम्पशायरचा. १७६४ साली इंग्लंडच्या राजाने नदीचा पश्चिम तीर ही सीमा ठरविली. पुढे वाद माजला, आणि १९३३ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने पश्चिमेकडील ओहोटीची पाणरेषा हीच हद्द मानली. म्हणून दुरुस्तीचा भारही मुख्यतः त्याच राज्यावर. त्याने १९३६ साली पूल विकत घेतला, तरी पथकर १९४३ पर्यंत चालू ठेवला.

पुढे पूल खचू लागला. १९८७ च्या जुलैत तो बंद करावा लागला आणि १९८९ च्या डिसेंबरात पुन्हा खुला झाला. खर्च सुमारे साडेचव्वेचाळीस लक्ष डॉलर. मुख्य तुळयांच्या जागी लाकडाचे थर चिकटवून केलेल्या नव्या तुळया बसविल्या गेल्या. जुन्या सुताराची कला यात हरवली, अशी हळहळ एखाद्यास वाटेल, व ती अगदीच निराधार नाही. तथापि मूळ पूल वाहनांच्या ओझ्यासाठी बांधलेलाच नव्हता. संग्रहालयातील वस्तूसारखा तो जपला असता, तर विंडसरच्या माणसास पलीकडे जाण्यास दूरचा पूल गाठावा लागला असता. आज मोटारी तेथून जातात, आणि दोन डॉलरांच्या दंडाची पाटीही जागेवर आहे.