आधी हातपाय, मग पाटी

'अंगणवाडी' हा शब्द सरकारी नाही. तो ताराबाई मोडकांच्या कामातून आला. १९४५ साली त्यांनी बोर्डीला ग्रामीण बालशिक्षण केंद्र सुरू केले. अनुताई वाघ तिथेच त्यांना येऊन मिळाल्या. गरीब वस्तीतली मुले बालवाडीत येईनात, तेव्हा बालवाडीच त्यांच्या अंगणात गेली. मूल आले की आधी हातपाय धुणे, नखे काढणे, केस विंचरणे. पाटी नंतर! 'वेळ फुकट जातो' असे या बायांना कधी वाटले नसावे.

१९५७ मध्ये काम कोसबाडच्या टेकडीवर गेले. तिथल्या आदिवासी मुली धाकटे भावंड सांभाळायचे म्हणून शाळा बुडवत. मग पाळणाघर, बालवाडी आणि शाळा एकत्र आणली, ती 'विकासवाडी'. गुरे राखणाऱ्या पोरांसाठी शिक्षक कुरणात जात, ती 'कुरणशाळा'. मूल जसे असेल तसे पत्करायचे, त्याच्या पोटासकट, शेंबडासकट.

२ ऑक्टोबर १९७५ ला एकात्मिक बालविकास सेवा योजना आली. तिने हे नाव घेतले आणि लसीकरण, पूरक आहार, वजनाची नोंदही अंगणवाडीशी जोडली.

आमच्या पनवेलमधल्या एका उन्हाळी शिबिराचा अर्ज मुलीने परवा मला भरायला दिला. फी हजारांत. टी-शर्टचे माप विचारले होते, नातवाच्या दम्यासाठी मात्र एक ओळही नव्हती. अर्जाच्या पाठीमागे मी ठळक अक्षरांत लिहिले : दमा आहे, पंप दप्तराच्या पुढच्या कप्प्यात, तो कोण देणार त्यांचे नाव कळवावे.

अजून कळवलेले नाही. फी भरायची थांबवली आहे.