दृष्टिहानी आणि शरीराचा तोल

नजर अधू झाल्याने किंवा गेल्याने उभे राहणे, चालणे आणि शरीराची ठेवण यांत पडणारा फरक. तोल सांभाळण्यासाठी मेंदू तिघांवर विसंबतो : डोळे, अंतर्कर्णातील तोलेंद्रिये आणि तळवे, स्नायू व सांधे यांतून येणारी जाणीव. एकाची साथ सुटली की उरलेल्या दोघांवर भार पडतो.

बर्लिनचे वैद्य मोरित्स रोम्बेर्ग यांनी १८४० च्या दशकात हे नेमके टिपले. मज्जारज्जूच्या विकाराने पायांची जाणीव गेलेले रुग्ण डोळे उघडे असेपर्यंत उभे राहत. डोळे मिटले की झोकांड्या खात. तोंडावर पाणी मारताना डोळे मिटले, तरी त्यांचा तोल जाई. ही तपासणी आजही त्यांच्याच नावाने होते. धडधाकट माणसानेही भिंतीजवळ एका पायावर उभे राहून डोळे मिटून पाहावे : घोटा लगेच थरथरू लागतो, बोटे जमीन पकडू पाहतात. उलट प्रयोग ली व ॲरनसन यांनी १९७४ मध्ये केला. जमीन स्थिर ठेवून खोलीच्या भिंती हलवल्या, तर नुकतीच उभी राहू लागलेली बाळे डुलली, काही पडलीही.

जन्मांध मूल मान उशिरा धरते, कारण मान उचलून पाहावे असे त्याला काही दिसत नसते. चालणेही लांबते. पुढे मान खाली, खांदे पुढे झुकलेले, पाय फाकवून लहान पावले, अशी ढब बनते. हा पायांचा दुबळेपणा नव्हे. खेळ, व्यायाम आणि काठीच्या शिस्तशीर शिक्षणाने ती पुष्कळ सुधारते. मुलाला जपण्यासाठी बसवून ठेवणे हे मात्र त्याचे नुकसानच.

काचबिंदूत बाजूची नजर जाते; खालचा भाग गेला तर उंबरठा व पायरी चुकते. डोळ्याचा एखादा स्नायू लुळा पडल्यास दुहेरी दिसणे टाळण्यासाठी रुग्ण मान तिरकी ठेवतो. दुहेरी भिंगाच्या चष्म्याचा खालचा भाग वाचण्यापुरता असतो; जिना उतरताना पायरीची कड त्यातून धूसर दिसते.

सत्तरीपुढच्या स्त्रियांच्या पहिल्या डोळ्याचा मोतीबिंदू लवकर काढल्यास पडण्याचे प्रमाण सुमारे एकतृतीयांशाने घटते, असे नॉटिंगहॅम येथील २००५ च्या अभ्यासात आढळले. मोतीबिंदू ‘पिकण्याची’ वाट पाहत थांबलेल्या घरांनी हे ध्यानात घ्यावे.