वसईची घंटा, बेनिनचं पितळ

सुपेल्याहून बोलतोय. आमच्या भिलाईत पोलाद ओतून रेल्वेचे रूळ तयार होतात. तेव्हा आजची गोष्टही धातूचीच.

गुजरातच्या बहादूरशहाने १५३४ मध्ये वसई पोर्तुगिजांना दिली. पुढच्या दोनशे वर्षांत तिथे किल्ला, मठ, चर्च उभे राहिले आणि मनोऱ्यांत घंटा टांगल्या गेल्या. मे १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी वसई जिंकली आणि त्या भागातल्या घंटा मराठ्यांबरोबर घाटावर आल्या. नाशिकला पंचवटीत, गोदाकाठी, नारोशंकरांनी १७४७ मध्ये मंदिर बांधलं. तिथल्या घंटेवर १७२१ हे साल आहे. वाईजवळ मेणवलीच्या कृष्णाघाटावरची घंटा १७०७ ची. भीमाशंकरलाही अशी एक आहे.

घंटेचं कांसं म्हणजे साधारण चार भाग तांबं आणि एक भाग कथील. तोफाही तांबं-कथलाच्याच ओतत. युरोपात लढाईच्या दिवसांत चर्चच्या घंटा वितळवून तोफा केल्याची उदाहरणं आहेत. इथे मात्र या घंटा तशाच, अंगावरच्या सालासकट, देवापुढे टांगल्या गेल्या. आणि त्या भाषेतही शिरल्या: मोठ्या आवाजाच्या माणसाला नाशकात ‘नारोशंकराची घंटा’ म्हणतात!

आता आफ्रिकेत चला. पोर्तुगीज जहाजं पश्चिम किनाऱ्यावर पितळेची कडी चलन म्हणून नेत. त्या बदल्यात मिरी, हस्तिदंत आणि माणसंही विकत घेत. बेनिनच्या ओतारींनी तसलं पितळ वितळवून राजवाड्यासाठी फलक घडवले. त्यांतल्या काहींवर दाढीवाले पोर्तुगीजच दिसतात. पद्धत मेणाच्या साच्याची. आमच्या बस्तरचे घडवा कारागीर आजही त्याच पद्धतीने मूर्ती ओततात. १८९७ मध्ये इंग्रजांनी बेनिन लुटलं आणि ते फलक लंडन, बर्लिनच्या संग्रहालयांत पोहोचले.

बेनिनच्या लुटीवर आपण चटकन बोलतो. मग वसईच्या घंटा? त्याही लूटच होत्या. ज्या गावकऱ्यांना त्या प्रार्थनेला बोलवत, त्यांचे मनोरे मुके झाले. मला वाटतं, विजयाचा अभिमान बाळगताना हेही म्हणायला हवं. फरक एवढाच, की फलक काचेआड गेले आणि घंटा लोकांत राहिली.

तुमच्या गावच्या देवळात घंटेवर रोमन अक्षरं दिसली, तर साल नक्की वाचा. पुढच्या भागात गोव्याच्या हस्तिदंती मूर्ती पाहू.